क्वेरीचा मजकूर स्थिर ठेवा, व्हॅल्यू बाहेरून द्या: बाइंड पॅरामीटर आणि कॅश

एका वाचनालयाच्या सॉफ्टवेअरवर काम करत असताना एक दिवस तक्रार आली. एका सभासदाने ‘माझी पुस्तकं’ हे पान उघडलं आणि त्याला दुसऱ्याच कुणीतरी नेलेल्या पुस्तकांची यादी दिसली. पासवर्ड फुटला नव्हता. क्वेरी बरोबर होती, सभासद क्रमांकही व्यवस्थित बाइंड केलेला होता. घोळ होता तो प्रोग्रॅम आणि डेटाबेस यांच्या मध्ये मी बसवलेल्या दहाएक ओळींच्या कॅशमध्ये. निकाल साठवताना ती कॅश फक्त क्वेरीचा मजकूर बघत होती. आत कोणता सभासद क्रमांक गेला, हे तिला ठाऊकच नव्हतं. पहिल्या सभासदाचा निकाल साठला आणि पुढच्या प्रत्येकाला तोच मिळत गेला.

नव्याने शिकणाऱ्याला बाइंड पॅरामीटरबद्दल सहसा एवढंच सांगितलं जातं की यामुळे इंजेक्शन, म्हणजे व्हॅल्यूच्या आडून क्वेरीत भलताच मजकूर घुसवणं, टळतं. ते खरं आहे, पण अर्धंच. पॅरामीटर बाइंड करणं म्हणजे क्वेरीचा न बदलणारा भाग आणि बदलणारा भाग यांची फारकत करणं. कॅशचा सगळा कारभार याच फारकतीवर चालतो. ती नीट केली की कॅश आपोआप कामाला येते, अर्धवट केली की वरच्यासारखे प्रकार घडतात.

हा लेख थोडं पायथन आणि थोडं एसक्यूएल लिहिलेल्यांसाठी आहे. उदाहरणं एसक्यूलाइटची घेतो, कारण त्याचं मॉड्यूल पायथनच्या २.५ आवृत्तीपासून, म्हणजे २००६पासून, सोबतच येतं आणि वेगळा सर्व्हर लागत नाही. इथल्या क्वेरी मी देवनागरीत लिहिल्या आहेत. सिलेक्ट, फ्रॉम, व्हेअर हे शब्द टाइप करताना तुम्हाला रोमन लिपीतच लिहावे लागतील, आकडेही नेहमीचेच. टेबलांची आणि कॉलमांची नावं मात्र एसक्यूलाइटला देवनागरीतही चालतात, खुशाल करून बघा.

क्वेरी डेटाबेसकडे गेल्यावर काय होतं

तुम्ही पाठवलेली क्वेरी ही डेटाबेसच्या दृष्टीने आधी फक्त अक्षरांची माळ असते. तो ती शब्दाशब्दाने फोडतो, व्याकरण तपासतो, टेबलं आणि कॉलम खरोखर आहेत का ते बघतो, कोणता इंडेक्स वापरायचा ते ठरवतो आणि मग प्रत्यक्ष पावलांचा एक आराखडा तयार करतो. एसक्यूलाइटमध्ये हा आराखडा म्हणजे बाइटकोडचा छोटासा प्रोग्रॅमच असतो. या कामाला ‘प्रिपेअर करणं’ म्हणतात. त्यानंतर मोकळ्या जागांत व्हॅल्यू भरायच्या, म्हणजे बाइंड करायचं, आणि मग तो प्रोग्रॅम चालवून एकेक ओळ बाहेर काढायची.

लग्नाच्या पत्रिकेसारखं आहे हे. मजकूर छापखान्यात एकदाच जुळवतात आणि पाकिटावरचं नाव प्रत्येक घरासाठी वेगळं, हाताने लिहितात. पाहुण्याचं नाव बदललं म्हणून कुणी पत्रिका नव्याने छापायला टाकत नाही. आणि पाकिटावर काहीही लिहिलं तरी आतला मुहूर्त बदलत नाही. पहिल्या गोष्टीमुळे वेग मिळतो, दुसरीमुळे सुरक्षितता.

पायरी १: टेबल तयार करा आणि पहिली व्हॅल्यू बाइंड करा

दोन टेबलं पुरेशी आहेत:

क्रिएट टेबल सभासद (क्रमांक इंटिजर प्रायमरी की, नाव टेक्स्ट, गाव टेक्स्ट)

क्रिएट टेबल देवघेव (सभासद_क्रमांक इंटिजर, पुस्तक टेक्स्ट, नेल्याची_तारीख टेक्स्ट, परतीची_तारीख टेक्स्ट)

एका गावचे सभासद शोधायचे आहेत. नवखा माणूस बहुतेक वेळा मजकुराला मजकूर जोडतो: "सिलेक्ट नाव फ्रॉम सभासद व्हेअर गाव = '" + गाव + "'". गाव ‘नाशिक’ असेपर्यंत हे चालतं. कुणी तिथे नाशिक' ऑर '१'='१ असं लिहिलं की अट प्रत्येक ओळीला लागू होते आणि सगळे सभासद बाहेर येतात. हल्लेखोर नसला तरी हे मोडतंच. गोव्याकडची किंवा वसईकडची डि'सोझा, डि'मेलो ही आडनावं रोमन लिपीत अपॉस्ट्रॉफीसह लिहिली जातात. नाव शोधताना ती खूण क्वेरीचं अवतरणचिन्ह मधेच बंद करते आणि साध्यासुध्या सभासदाची नोंद शोधताना एरर येतो.

त्याऐवजी असं लिहा:

मजकूर = "सिलेक्ट नाव फ्रॉम सभासद व्हेअर गाव = ?"

कनेक्शन.एक्झिक्यूट(मजकूर, (गाव,))

प्रश्नचिन्हाभोवती अवतरणचिन्हं नाहीत, हे लक्षात घ्या. ती घातली तर ‘?’ हे अक्षर म्हणून शोधलं जाईल. आणि (गाव,) मधला स्वल्पविराम विसरू नका. तो नसला तर पायथनला टपल दिसत नाही, नुसता मजकूर दिसतो, आणि मजकुरातलं प्रत्येक अक्षर वेगळी व्हॅल्यू धरलं जातं. मग ‘क्वेरीला १ व्हॅल्यू हवी, ५ दिल्या आहेत’ अशा अर्थाचा एरर येतो. ‘नाशिक’मध्ये आपल्याला तीनच अक्षरं दिसतात, पण पायथन काना आणि वेलांटी वेगळी मोजतो, म्हणून ५. एरर वाचून गोंधळलेली कितीतरी नवीन मुलं मी पाहिली आहेत. कारण मात्र दर वेळी तो एक स्वल्पविरामच असतो.

व्हॅल्यू दोन-तीनपेक्षा जास्त झाल्या की प्रश्नचिन्हं मोजत बसू नका, नावं वापरा: व्हेअर गाव = :गाव अँड नाव = :नाव, आणि सोबत डिक्शनरी द्या. दुसऱ्या ड्रायव्हरमध्ये, म्हणजे पायथनला डेटाबेसशी जोडणाऱ्या मॉड्यूलमध्ये, खुणा वेगळ्या असतात. पायथनच्या डेटाबेस नियमावलीत, म्हणजे पेप २४९मध्ये, अशा पाच पद्धती दिल्या आहेत. खूण कुठलीही असो, मागची कल्पना एकच.

पायरी २: आराखड्याची कॅश कामाला लावा

इथे तुम्हाला जवळजवळ काहीच करावं लागत नाही. पायथनचं एसक्यूलाइट मॉड्यूल प्रत्येक कनेक्शनसाठी प्रिपेअर केलेल्या क्वेरी स्वतःच जपून ठेवतं. ही मर्यादा सध्या १२८ आहे आणि कनेक्ट करताना ‘कॅश्ड_स्टेटमेंट्स’ देऊन बदलता येते. या कॅशची चावी म्हणजे क्वेरीचा मजकूर. तोच मजकूर पुन्हा आला की तयार आराखडा काढला, नव्या व्हॅल्यू बाइंड केल्या, चालवला.

आता मजकुराला मजकूर जोडणाऱ्या क्वेरीकडे परत या. पाचशे गावं शोधली तर पाचशे वेगवेगळे मजकूर तयार होतात. त्यांतला एकही पुन्हा वापरला जात नाही. उलट १२८ जागा भरल्या की ते खरोखर उपयोगी आराखडेही बाहेर ढकलतात. ऑरॅकल डेटाबेसवर काम करणारे अशा दर वेळी नव्याने आराखडा करण्याला हार्ड पार्स म्हणतात आणि तिथे ही केवळ एका प्रोग्रॅमची अडचण राहत नाही. आराखडे सर्वांच्या सामायिक मेमरीत असतात, त्यामुळे एकाने केलेला पसारा सगळ्यांनाच जड जातो.

स्वतः मोजून बघा. सभासद टेबलात हजार ओळी भरा. एका लूपमध्ये क्रमांक मजकुरात जोडून एक लाख वेळा शोधा, दुसऱ्यात बाइंड करून. दोन्हींच्या आधी आणि नंतर पर्फ_काउंटरने वेळ घ्या. क्वेरी जितकी छोटी, तितका फरक ठळक दिसेल, कारण तिथे शोधण्यापेक्षा वाचण्यातच जास्त वेळ जातो. दहा सेकंद चालणाऱ्या अहवालाच्या क्वेरीत मात्र प्रिपेअरचा वेळ जाणवणारही नाही. तिथे बाइंड करायचं ते सुरक्षिततेसाठी.

मजकूर ‘तोच’ म्हणजे अक्षरशः तोच. एक जागा जास्त पडली, सिलेक्ट एकदा मोठ्या लिपीत आणि एकदा छोट्या लिपीत लिहिलं, तर एसक्यूलाइटच्या दृष्टीने अर्थ सारखा असला तरी कॅशच्या दृष्टीने त्या दोन क्वेरी. एकदा मी लॉगमध्ये माग काढता यावा म्हणून प्रत्येक क्वेरीच्या शेवटी कॉमेंट म्हणून विनंतीचा क्रमांक चिकटवलेला पाहिला होता. हेतू चांगला, पण त्यामुळे प्रत्येक मजकूर आयुष्यात एकदाच वापरला जात होता. कॉमेंटमध्ये फंक्शनचं नाव टाका, ते बदलत नाही.

आणखी एक: ही कॅश कनेक्शनबरोबर जन्मते आणि त्याच्याबरोबरच मरते. प्रत्येक विनंतीला नवं कनेक्शन उघडून बंद करत असाल तर कॅश दर वेळी रिकामीच असणार. कनेक्शन उघडं ठेवा किंवा पूल, म्हणजे उघड्या कनेक्शनांचा सामायिक साठा, वापरा.

पोस्टग्रेस या सर्व्हरवर चालणाऱ्या डेटाबेसकडे गेलात तर इथे दोन गोष्टी बदलतात. एक, ड्रायव्हर खरंच बाइंड करतो का ते तपासावं लागतं. पायथनचा सायकोपीजी २ हा ड्रायव्हर व्हॅल्यू सुरक्षितपणे मजकुरात मिसळून मगच सर्व्हरला पाठवतो. इंजेक्शन टळतं, पण सर्व्हरला दर वेळी नवा मजकूर दिसतो. सायकोपीजी ३ वेगळं वागतो: तीच क्वेरी पुन्हा पुन्हा आली की तो ती स्वतःहून सर्व्हरवर प्रिपेअर करतो, आणि त्यासाठीची मर्यादा मुळात ५ असते. पीएचपी भाषेच्या पीडीओ या डेटाबेस लायब्ररीतही मायएसक्यूएलसाठी बाइंडचं असं अनुकरण, म्हणजे व्हॅल्यू मजकुरात मिसळणं, मुळात चालू असतं, ते हवं तर बंद करावं लागतं.

दुसरी गोष्ट थोडी खोल आहे, पण कधीतरी तुम्हाला भेटणारच. प्रिपेअर केलेली क्वेरी पोस्टग्रेस पहिल्या पाच वेळा प्रत्यक्ष व्हॅल्यू पाहून नवा आराखडा करतो. त्यानंतर तो व्हॅल्यू न पाहता केलेल्या सर्वसाधारण आराखड्याचा अंदाजे खर्च तुलनेला घेतो आणि तो फार वाईट नसेल तर तोच वापरतो. बहुतेकदा हे ठीक असतं. पण समजा नव्व्याण्णव टक्के पुस्तकं परत आली आहेत आणि एक टक्का बाकी आहेत. ‘परत’साठी सगळं टेबल वाचणं योग्य, ‘बाकी’साठी इंडेक्स योग्य, आणि सर्वसाधारण आराखडा दोघांना एकच रस्ता दाखवतो. क्वेरी पाच वेळा वेगाने चालून सहाव्यांदा अचानक मंदावली तर आधी इथे बघा. पोस्टग्रेस १२पासून ‘प्लॅन_कॅश_मोड’ ही सेटिंग आहे, तिने दर वेळी नवा आराखडा करायला लावता येतो.

पायरी ३: जिथे प्रश्नचिन्ह चालत नाही

प्लेसहोल्डर, म्हणजे प्रश्नचिन्हासारखी जागा राखणारी खूण, फक्त व्हॅल्यूच्या जागी बसतो. टेबलाचं नाव, कॉलमचं नाव, चढता की उतरता क्रम, हे सगळं आराखड्याचा भाग आहे, त्यामुळे ते बाइंड होत नाही. ऑर्डर बाय ? लिहून त्यात ‘नाव’ बाइंड केलं तर एररही येत नाही. प्रत्येक ओळीसाठी ‘नाव’ हाच स्थिर मजकूर धरला जातो आणि यादी न लावलेलीच राहते. यासाठी प्रोग्रॅममध्ये परवानगी असलेल्या पर्यायांची डिक्शनरी ठेवा: वापरकर्त्याने ‘नावानुसार’ निवडलं तर मजकुरात नाव, ‘गावानुसार’ निवडलं तर गाव, आणि यादीत नसलेलं काही आलं तर सरळ नकार. असे मजकूर मोजकेच होतात, चार-सहा, आणि ते कॅशमध्ये सुखाने राहतात.

लाइक वापरताना '%?%' लिहू नका. अवतरणात असलेलं प्रश्नचिन्ह हा प्लेसहोल्डर नव्हे. लाइक ? लिहा आणि टक्क्याच्या खुणा व्हॅल्यूमध्ये जोडा.

रिकाम्या व्हॅल्यूचंही असंच. परतीची_तारीख = ? मध्ये पायथनचा नन बाइंड केला तर एकही ओळ येत नाही, कारण नल कशाच्याही बरोबरीचा नसतो, दुसऱ्या नलच्याही नाही. एसक्यूलाइटमध्ये परतीची_तारीख इज ? लिहिलं की नल आणि तारीख दोन्ही एकाच मजकुरात भागतात.

खरी डोकेदुखी असते ‘इन’च्या यादीची. सात क्रमांकांचे सभासद हवेत तर कंसात सात प्रश्नचिन्हं लागतात, आठ हवेत तर आठ. म्हणजे यादीची लांबी बदलली की मजकूर बदलला आणि कॅश पुन्हा भरायला लागली. यावर दोन उपाय मी वापरतो. पहिला म्हणजे लांबी ठरावीक टप्प्यांवर नेणं: १, २, ४, ८, १६ असं. तीन क्रमांक असतील तर चार प्रश्नचिन्हं द्या आणि शेवटचा क्रमांक पुन्हा लिहा. ५, ९, १२, १२ यांतला शोध ५, ९, १२ यांतल्या शोधाइतकाच असतो. हजारपर्यंतच्या याद्यांसाठी अकरा मजकूर पुरतात. दुसरा उपाय मला अधिक आवडतो. सगळी यादी जेसन मजकूर म्हणून एकाच प्रश्नचिन्हात द्यायची:

सिलेक्ट नाव फ्रॉम सभासद व्हेअर क्रमांक इन (सिलेक्ट व्हॅल्यू फ्रॉम जेसन_ईच(?))

मजकूर कायम एकच. जेसनची फंक्शनं एसक्यूलाइट ३.३८पासून, म्हणजे २०२२पासून, मुळातच समाविष्ट आहेत. पोस्टग्रेसमध्ये हेच काम = एनी(?) आणि ॲरे यांनी होतं. प्रश्नचिन्हांच्या संख्येलाही मर्यादा असते: एसक्यूलाइटमध्ये ३.३२च्या आधी ती मुळात ९९९ होती, आता ३२,७६६ आहे. जेसनच्या उपायात ती आड येत नाही. यादी रिकामी असेल तर डेटाबेसकडे जाऊच नका, तिथूनच रिकामा निकाल परत द्या.

पायरी ४: निकालाची कॅश, आणि तिची चावी

आतापर्यंतची कॅश आराखड्याची होती. तिला व्हॅल्यूंशी देणंघेणं नाही, आणि तेच बरोबर आहे. निकाल साठवायचा असेल तर मात्र मामला उलटा होतो. उत्तर मजकूर आणि व्हॅल्यू या दोघांवर अवलंबून असतं, म्हणून चावीतही दोन्ही हवेत. सुरुवातीला सांगितलेल्या प्रसंगात मी आराखड्याच्या कॅशचा नियम निकालाच्या कॅशला लावला होता. गंमत अशी की मजकुराला मजकूर जोडून क्वेरी केली असती तर ही चूक झाली नसती, कारण सभासद क्रमांक मजकुरातच असता. जुना, जोडाजोडीचा कोड नीट बाइंड करायला घेणाऱ्यांनी म्हणूनच सर्वात आधी निकालाची कॅश तपासावी. कालपर्यंत बरोबर असलेली चावी त्या सुधारणेने चुकीची ठरते.

चावी बनवताना मजकूर आणि व्हॅल्यू नुसत्या एकापुढे एक चिकटवू नका. ‘१’ आणि ‘२३’ जोडले काय आणि ‘१२’ आणि ‘३’ जोडले काय, दोन्ही ‘१२३’च. टपलची चावी त्यापेक्षा बरी, पण पायथनला १, १.० आणि ट्रू हे तिन्ही समान वाटतात. एसक्यूलाइटमध्ये ५ भागिले २ म्हणजे २, आणि ५ भागिले २.० म्हणजे २.५. भाजक बाइंड केलेला असेल तर एकाचं उत्तर दुसऱ्याला जाईल. मी असं करतो:

चावी = जेसन.डम्प्स([मजकूर, पॅरामीटर], सॉर्ट_कीज=ट्रू)

जेसनमध्ये १, १.० आणि ट्रू वेगळे लिहिले जातात, प्रत्येक व्हॅल्यूच्या सीमा स्पष्ट राहतात, आणि नावाचे पॅरामीटर कोणत्याही क्रमाने आले तरी चावी तीच येते. तारखा आधी ‘२०२४-०६-०१’ अशा मजकुरात बदलून घ्या. चावी फार लांब वाटली तर तिचा शा-२५६, म्हणजे ठरावीक लांबीचा हॅश, काढा. पायथनचं हॅश हे फंक्शन मात्र यासाठी वापरू नका. मजकुरासाठी ते प्रत्येक वेळी प्रोग्रॅम सुरू झाला की वेगळा आकडा देतं, आणि रेडिससारख्या सामायिक कॅशमध्ये दोन प्रोसेसना एकमेकींच्या चाव्या कधीच सापडणार नाहीत.

मराठी व्हॅल्यू बाइंड करणाऱ्यांना आणखी एक काळजी घ्यावी लागते, आणि इंग्रजी उदाहरणांवर शिकलेल्याच्या ती ध्यानातही येत नाही. ‘कऱ्हाड’ हा एकच शब्द संगणकात तीन तऱ्हांनी लिहिलेला असू शकतो: तयार ‘ऱ’ला हलन्त लावून, ‘र’ खाली नुक्ता देऊन मग हलन्त, किंवा ‘र’, हलन्त आणि मागे न दिसणारा जोडक लावून. पडद्यावर तिन्ही सारखे दिसतात. डेटाबेसला ते तीन वेगळे शब्द वाटतात, कॅशलाही तीन वेगळ्या चाव्या. पहिल्या दोन तऱ्हा युनिकोडच्या एनएफसी या प्रमाणित रूपात बदलल्या की एक होतात. तिसरी होत नाही, ती तुम्हालाच बदलून पहिल्यासारखी करावी लागते. ‘ॲ’ची तीच गत: एक सलग अक्षर, आणि दुसरं ‘अ’वर चंद्र दिलेलं. एनएफसी त्यांनाही एक करत नाही. म्हणून मजकूर स्वच्छ करणारं एकच छोटं फंक्शन लिहा आणि नोंद साठवताना, शोधण्यासाठी बाइंड करताना आणि चावी बनवताना, तिन्ही ठिकाणी तेच वापरा. कऱ्हाडचे निम्मे सभासद यादीतून गायब का होतात, या प्रश्नावर घालवायचे दोन दिवस वाचतील.

पायरी ५: उत्तर ज्यावर अवलंबून आहे ते सगळं पॅरामीटरमधून येऊ द्या

मुदत उलटलेली पुस्तकं शोधणारी क्वेरी बघा: व्हेअर परतीची_तारीख < डेट('नाऊ'). क्वेरी म्हणून निर्दोष आहे. पण निकाल कॅशमध्ये ठेवला तर मध्यरात्र उलटल्यावरही कालचंच उत्तर मिळत राहील, कारण ‘आज’ हा शब्द मजकुरात आहे, त्याची व्हॅल्यू चावीत नाही. त्याऐवजी परतीची_तारीख < ? लिहा आणि आजची तारीख बाइंड करा. दिवस बदलला की चावी बदलते, जुना निकाल आपसूक बाजूला पडतो. तपासणीच्या वेळी हवी ती तारीख देता येते, हा वरचा फायदा. फक्त तारीखच द्या. सेकंदाच्या लाखाव्या भागापर्यंतची वेळ दिलीत तर प्रत्येक चावी नवी होईल आणि कॅशमध्ये काहीच सापडणार नाही.

विचारणारा कोण, हेही तसंच. ग्रंथपालाला सगळ्या नोंदी दिसतात आणि सभासदाला स्वतःच्याच, असा नियम डेटाबेसच्या सेशनमध्ये कुठेतरी लपलेला असेल तर निकालाच्या कॅशला तो दिसत नाही. तो क्रमांक, ती भूमिका पॅरामीटर म्हणून आणा, निदान चावीत तरी घाला.

साठवायचा तो निकाल, एक्झिक्यूटकडून मिळणारा कर्सर नव्हे. कर्सर एकदा वाचून झाला की संपतो. तो कॅशमध्ये ठेवला तर पहिल्याला यादी मिळते आणि दुसऱ्याला काहीच नाही. फेचऑलने सगळ्या ओळी काढा आणि त्यांचं टपल करून ठेवा, म्हणजे घेणाऱ्याने त्यात चुकून फेरफार केले तरी मूळ प्रत सुरक्षित राहील.

पायरी ६: जुना निकाल फेकायचा कधी

सर्वात सोपा मार्ग म्हणजे ठरावीक सेकंदांनी निकाल बाद करणं. पुस्तकांच्या यादीला पाच मिनिटं चालतील. ‘माझ्याकडे किती पुस्तकं आहेत’ याला चालणार नाहीत, पुस्तक परत देऊन आलेल्या माणसाला ते लगेच दिसायला हवं.

त्यासाठी प्रत्येक टेबलाला एक आवृत्ती क्रमांक ठेवा आणि तोही चावीत घाला: [मजकूर, पॅरामीटर, देवघेवची आवृत्ती]. देवघेवमध्ये काही लिहिलं की आवृत्ती एकाने वाढवा. जुने निकाल शोधून पुसत बसावं लागत नाही, त्यांची चावीच कुणी विचारत नाही.

यात क्रम महत्त्वाचा आहे. आधी कमिट, मग आवृत्ती वाढवायची. उलटं केलंत तर काय होईल पाहा: आवृत्ती ७ची ८ झाली, कमिट अजून व्हायचं आहे, तेवढ्यात दुसऱ्या कुणीतरी ८ ही आवृत्ती घेतली, डेटाबेसमधून जुनीच ओळ वाचली आणि ८च्या चावीखाली ठेवून दिली. नंतर कमिट झालं तरी ८खाली जुना निकाल बसून राहील, पुढच्या बदलापर्यंत. वाचणाऱ्यानेही आवृत्ती आधी घ्यावी आणि डेटाबेस नंतर वाचावा. आणि एवढं करूनही सेकंदांची मर्यादा ठेवाच. कमिट झाल्यावर आवृत्ती वाढवण्याआधी प्रोग्रॅम बंद पडला तर तीच वाचवते.

मायएसक्यूएलमध्ये पूर्वी सर्व्हरच्या आतच निकालाची कॅश होती. टेबलात कुठेही बदल झाला की त्या टेबलावरचे सगळे साठवलेले निकाल ती फेकून द्यायची, आणि एकाच वेळी खूप जण वाचत-लिहीत असले की तिच्या कुलपासाठी रांग लागायची. २०१८मध्ये आलेल्या ८.० आवृत्तीत ती काढूनच टाकली. म्हणून प्रत्येक क्वेरीचा निकाल साठवायचा मोह टाळा. आधी इंडेक्स बघा, मग आराखड्याची कॅश, आणि तरीही गरज उरली तर निवडक दोन-चार क्वेरींसाठी निकालाची.

पायरी ७: दोन सभासदांची चाचणी

कॅश बसवली की ही चाचणी लिहिल्याशिवाय पुढे जाऊ नका. रिकामा डेटाबेस घ्या, त्यात दोन सभासद घाला आणि प्रत्येकाच्या नावावर वेगळं पुस्तक. कनेक्शनवर सेट_ट्रेस_कॉलबॅक लावा, म्हणजे डेटाबेसपर्यंत पोचलेली प्रत्येक क्वेरी तुम्हाला मोजता येईल. आता पहिल्या सभासदाची यादी मागा, मग दुसऱ्याची, मग पुन्हा पहिल्याची. तिन्ही उत्तरं ज्याची त्याला मिळाली पाहिजेत आणि मोजणी २ आली पाहिजे. ३ आली तर कॅश चालत नाही. १ आली तर चावीत व्हॅल्यू नाही, आणि सुरुवातीची ती तक्रार तुमच्याकडेही येणार. मग पहिल्या सभासदाचं पुस्तक परत केल्याची नोंद करा, कमिट करा, आणि त्याची यादी पुन्हा मागा: मोजणी एकाने वाढायला हवी, यादी रिकामी यायला हवी. ट्रेसमध्ये नोंद करणारी क्वेरी आणि तिच्या आधी-नंतरच्या बिगिन, कमिट या आज्ञाही दिसतात, त्या मोजणीतून वगळा.